होडीचे यंत्र आणि त्याचा कार्ब्युरेटर

(नभोवाणीवरील भाषण)



नारळी पौर्णिमेचा नारळ दर्याला वाहिला, की गोव्याच्या आणि दक्षिण कोकणाच्या किनाऱ्यावर माडांच्या सावलीत पालथ्या पडलेल्या लहान होड्या पुन्हा सरळ होतात. झावळ्यांचे आच्छादन निघते, सांध्यांत नवे भरण पडते, जाळी उन्हात पसरली जातात. होडीच्या मागच्या फळीवर बसवायचे यंत्र मात्र अगदी शेवटी, निघण्याच्या आदल्या संध्याकाळी, पडवीच्या कोपऱ्यातून बाहेर येते. त्याच्यावरचे पोते झटकायचे, टाकीत थोडे पेट्रोल घालायचे, दोरी ओढायची आणि ते सुरू झाले की निर्धास्त व्हायचे, एवढीच त्याची वार्षिक पूजा. आज मला बोलावयाचे आहे ते ह्या यंत्राच्या एका लहानशा अवयवाविषयी. तो मुठीत मावतो, परंतु सगळ्या यंत्राचा श्वास आणि घास त्याच्याच हाती असतो. त्याचे नाव कार्ब्युरेटर.

हा विषय मी का निवडला, ते आधी सांगतो. २०२४ सालच्या नारळी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी मी आमच्या शेजारच्या मामांबरोबर शापोरा नदीच्या मुखाबाहेर गेलो होतो. मामांचे केस होडीवरच पांढरे झाले. यंत्र लहान, एका सिलिंडरचे. जाताना भरती पुरी होत आली होती, पाणी शांत होते आणि आम्ही सावकाश बाहेर पडलो. परतताना दुपार कलली होती व ओहोटी जोरात लागली होती. पौर्णिमेच्या उधाणाची ओहोटी नदीच्या मुखातून कशी धावते, हे किनाऱ्यावरच्या श्रोत्यांना सांगावयास नको. नदीचे पाणी बाहेर धावत असते, दर्याची लाट आत येत असते, आणि दोहोंची गाठ मुखावरच्या वाळूच्या पट्ट्यावर पडते. तेथे लाट उभी राहते आणि फुटते. त्या पट्ट्याच्या अलीकडे मामांनी यंत्राला जोर दिला, तो यंत्राने मान टाकली. जोर काढला की ते पुन्हा टुकटुक चालू लागे, जोर मागितला की खोकून बंद पडण्याच्या बेतात येई. मंद गतीने ओहोटीपुढे होडी एक हात पुढे सरकेना. उलट आम्ही हळूहळू फुटत्या लाटांकडे मागे जात होतो.

मी घाबरून दोरीला हात घातला. मामा म्हणाले, "भाऊ, दोरीशी झटू नका. आधी नांगर टाकू, मग यंत्राचे बघू." नांगर टाकला, दोर लांब सोडला, होडीचे तोंड लाटेकडे झाले. मग मामांनी चोकची कळ अर्धी ओढून धरली आणि जोर दिला. यंत्र धूर ओकत का होईना, पण चालले. तसेच चोक धरून, नांगर उचलून आम्ही आत आलो. त्या पाऊण तासात माझ्या डोक्यात जे विचार आले, ते येथे सांगत बसत नाही.

आता, चोक ओढल्यावर यंत्र का चालले? ह्या एका प्रश्नाच्या उत्तरात कार्ब्युरेटरची सगळी विद्या आहे.

पेट्रोल जळते असे आपण म्हणतो, पण द्रवरूप पेट्रोल सिलिंडरात जळून उपयोगाचे नाही. त्याचा तुषार करून तो हवेत ठराविक प्रमाणात मिसळावा लागतो. शुद्ध पेट्रोलचा एक भाग पुरता जळावयास वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते. पेट्रोल ह्याहून फार कमी पडले तर यंत्र अडखळते व तापते, फार जास्त झाले तर धुरकटते आणि प्लगवर काजळी धरते. हे प्रमाण राखण्याचे काम कार्ब्युरेटर करतो. त्यासाठी त्याच्यापाशी ना वीज, ना मेंदू. आहे ती फक्त एक कमरेशी आवळलेली नळी. अरुंद जागेतून हवा वेगाने धावू लागली की तेथे तिचा दाब कमी होतो. हा नियम ज्या इटालियन शास्त्रज्ञाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या नळीत दिसतो, तो व्हेंचुरी अठराव्या शतकातला. त्या आवळलेल्या जागी एक बारीक तोटी सोडलेली असते. दाब कमी झाला की खालच्या वाटीतले पेट्रोल त्या तोटीतून आपोआप वर चढते आणि धावत्या हवेत त्याचा फवारा होतो. १८९३ च्या सुमारास जर्मनीत मायबाख ह्यांनी आणि हंगेरीत बांकी व चोंका ह्या जोडीने अशा फवाऱ्याचे कार्ब्युरेटर सिद्ध केले. नॉर्वेहून अमेरिकेत गेलेल्या ओले एव्हिन्रूड ह्यांनी १९०९ साली होडीच्या मागे टांगावयाचे यंत्र बाजारात आणले. तेव्हापासून आजवर यंत्रे कितीतरी बदलली. मोठ्या यंत्रांत आता पेट्रोल विजेच्या हुकमाने फवारले जाते. लहान यंत्रांत मात्र अजून बहुतेक ठिकाणी तीच कमरेशी आवळलेली नळी आहे.

खालची वाटी कशी काम करते, हे ज्यांच्या घरावर पाण्याची टाकी आहे त्यांना चटकन कळेल. टाकीतला चेंडू पाण्याबरोबर वर आला की नळ बंद होतो, खाली गेला की उघडतो. येथेही तसाच एक तरंगता फ्लोट असतो आणि तो एका टोकदार सुईला वर दाबून पेट्रोलची वाट बंद करतो. वाटीतून फवाऱ्याकडे जाणाऱ्या वाटेवर एक पितळी तुकडा आट्यांनी बसवलेला असतो. त्याला नेमक्या मापाचे एक छिद्र असते. हे मुख्य जेट. यंत्राला जोर हवा असतो तेव्हा पेट्रोल ह्यातून जाते. मंद गतीसाठी दुसरी, ह्याहून बारीक वाट असते आणि तिच्यावर नियमनाचा एक स्क्रू असतो. चोक म्हणजे हवेच्या तोंडावरची झडप. ती मिटली की हवा कमी येते, ओढ वाढते आणि पेट्रोल अधिक चढते.

आता मामांच्या यंत्राचे दुखणे उलगडते. मंद गतीची वाट मोकळी होती, म्हणून जाताना काही जाणवले नाही. मुख्य जेट अर्धे बुजले होते, म्हणून जोर मागताच पेट्रोल अपुरे पडले. चोकने हवा कमी केली तेव्हा त्या अर्ध्या बुजलेल्या छिद्रातूनही पुरेसे पेट्रोल ओढले गेले. जे यंत्र फक्त चोकवर चालते त्याला पेट्रोल कमी पडत आहे, ही खूण लक्षात ठेवावी. ह्याच्या उलट, जोरात नीट चालून मंद गतीवर बंद पडत असेल तर बारीक वाट पाहावी. वाटीतून पेट्रोल गळत असेल तर सुई आणि फ्लोट पाहावा. टाकीच्या नळीवर जो रबरी फुगा असतो तो दाबताच यंत्र तरतरीत होत असेल, तर दोष बहुधा कार्ब्युरेटरचा नसून त्याच्या आधीचा, म्हणजे नळीचा, गाळणीचा किंवा पंपाच्या पडद्याचा असतो. आणि सर्वांत आधी टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू उघडा आहे ना, ते पाहावे. तो उघडावयाचा राहिल्याने टाकीत हवा शिरत नाही, पेट्रोल येईनासे होते, आणि भल्या भल्या जाणत्यांनी तेवढ्यासाठी कार्ब्युरेटर उघडलेला मी पाहिला आहे. एकदा त्या जाणत्यांत मीही होतो.

जेट बुजते कशाने? तीन-चार कारणांची ही एकत्र करणी असते. वाटीत राहिलेल्या पेट्रोलचा हलका अंश पावसाळ्याच्या दोन महिन्यांत उडून जातो आणि मागे राळेसारखा चिकट, तपकिरी थर उरतो. दोन-धावी यंत्रात पेट्रोलमध्ये मिसळलेले तेलही ह्या थरात भर घालते. त्यातच आता इथेनॉलची गोष्ट आली. फेब्रुवारी २०२३ पासून आपल्या देशात २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल विकावयास आरंभ झाला आणि २०२५ पर्यंत ते सर्वत्र पसरले. रस्त्यावरच्या गाड्यांविषयी जे वाद चालू आहेत त्यांत मी शिरत नाही. पण होडीचे यंत्र हे रस्त्यावरच्या गाडीसारखे रोज चालत नाही आणि ते खाऱ्या, ओलसर हवेत राहते, हे दोन फरक फार मोठे आहेत.

इथेनॉलला पाण्याची ओढ असते. हवेतला ओलावा ते शोषून घेते. पाणी थोडे असेल तोवर ते पेट्रोलात विरघळलेलेच राहते. मर्यादा ओलांडली की मात्र पाणी आणि इथेनॉल मिळून पेट्रोलाची सोबत सोडतात आणि जड असल्यामुळे तळाशी वेगळा थर करतात. १० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलात ही मर्यादा साधारण अर्ध्या टक्क्याची, म्हणजे लिटरमागे एका चहाच्या चमच्याची. २० टक्क्यांचे पेट्रोल पाणी ह्याहून काहीसे अधिक सोसते, परंतु ते पाणी ओढतेही अधिक. आपल्याकडे जुलैच्या रात्री अर्ध्या रिकाम्या टाकीच्या आत किती घाम सुटतो, ते टाकी उघडून पाहिल्यावाचून पटणार नाही.

येथे दोन-धावी यंत्रवाल्यांनी विशेष कान द्यावा. थर वेगळे झाले की मिसळलेले तेल वरच्या पेट्रोलबरोबर राहते. खालच्या थरात ते जवळजवळ नसते. आणि टाकीतली नळी पेट्रोल उचलते ती तळापासून! म्हणजे यंत्र सुरू झालेच तर ते अशा द्रवावर चालणार, की ज्यात वंगण नाही. दट्ट्या आणि सिलिंडर ह्यांची त्यात काय गत होते, ते सांगावयास नको. शिवाय इथेनॉलला जळावयास हवा कमी लागते, सुमारे नवास एक एवढीच. जुन्या मापाच्या जेटमधून तेवढेच मिश्र पेट्रोल आले, तर यंत्राच्या वाट्याला आधीच किंचित उपवास येतो. त्यात छिद्र थोडे बुजले की उपवास कडकडीत होतो.

छिद्र थोडे बुजले म्हणजे किती, ह्याचा हिशेब मनोरंजक आहे. समजा, छिद्राचा व्यास ०.७ मिलिमीटर आहे. आतून सभोवार फक्त ०.०५ मिलिमीटर जाडीचा थर बसला, तर व्यास ०.६ उरतो. वाट मात्र सुमारे २७ टक्क्यांनी घटते, कारण वाट व्यासाच्या वर्गावर अवलंबून असते. डोळ्यांना हा थर दिसतही नाही.

ह्याच हिशेबाची दुसरी बाजू आम्हांला लवकरच कळली. मुखावरून कसेबसे परत आल्यावर यंत्र एका दुरुस्ती करणाऱ्याकडे नेले. त्याने दहा मिनिटांत वाटी उघडली, सायकलच्या ब्रेकच्या तारेतला एक पोलादी धागा जेटमध्ये घातला, चार वेळा मागेपुढे केला आणि यंत्र परत दिले. यंत्र चालू लागले, त्याला आनंद झाला, आम्हांलाही झाला. पण पुढे प्लग दर चार दिवसांनी काळा होऊ लागला आणि मागे निळा धूर राहू लागला. पोलाद पितळेहून कठीण. त्या धाग्याने ०.७ चे छिद्र ०.८ केले असेल, तर वाट ३१ टक्क्यांनी वाढली. तेवढे पेट्रोल प्रत्येक फेरीला फुकट जळत होते.

त्या माणसाला मी फारसा दोष देत नाही. ही सवय आपल्या स्वयंपाकघरातून आली आहे. ज्यांच्या घरी वातीशिवायचा, पंपाचा स्टोव्ह होता, त्यांना स्टोव्हची पिन आठवेल. ज्योत पिवळी झाली की आई ती पिन निपलात घालून काढी आणि ज्योत पुन्हा निळी होई. कार्ब्युरेटरचे जेट दिसावयास त्या निपलाचेच भावंड. मात्र स्टोव्हची पिन त्या छिद्राच्या मापानेच केलेली होती आणि छिद्र थोडे मोठे झाले तर दोन आण्यांत नवे निपल मिळत होते. येथे हाती येईल ती तार घालण्याचा अर्थ वेगळा होतो.

मग मामा आणि मी, आम्ही दोघांनी हे काम स्वतः करावयाचे ठरवले. यंत्राचे पुस्तक मिळवले आणि नवे जेट, नवी पॅकिंगे मागवली. काम कसे केले ते सांगतो. प्रत्येक यंत्राची रचना थोडी निराळी असते, तेव्हा मापे आपापल्या पुस्तकातूनच घ्यावी.

जागा उघडी, सावलीची घ्यावी. होडीत बसून हे काम करू नये. पेट्रोलची वाफ हवेहून जड असते, ती होडीच्या तळाशी साचते आणि तिला एका ठिणगीची वाट असते. विडी ओढणाऱ्या पाहुण्याला दूर बसवावे. आमच्याकडे असे तीन पाहुणे होते. प्लगची तार काढून ठेवावी, टाकीची नळी सोडवावी आणि खाली पांढरे जुने धोतर अंथरावे. त्यावर पडलेला लहानसा भाग हरवत नाही. सुटे करण्याआधी हातातल्या दूरध्वनीने चारी बाजूंनी छायाचित्रे घ्यावी. कोणती कांडी कोणत्या भोकात होती, हे संध्याकाळी आठवत नाही.

प्रथम वाटीच्या तळाचा लहान स्क्रू सोडून आतले पेट्रोल एका काचेच्या पेल्यात घ्यावे आणि पेला पाच मिनिटे तसाच ठेवावा. घाई असली तरी ही पाच मिनिटे द्यावी, कारण अर्धे निदान येथेच होते. मामांच्या पेल्यात तळाशी एक वेगळी, गढूळ पट्टी दिसली आणि तिच्यात पांढऱ्या भुकटीचे कण होते. वाटीची धातू पाण्याने खाल्ली की अशी भुकटी धरते. हीच भुकटी जाऊन जेटच्या तोंडाशी बसली होती. तांबूस कण दिसले असते तर पत्र्याच्या टाकीचा गंज समजून आधी टाकीकडे गेलो असतो.

मग चोकची आणि थ्रॉटलची कांडी सोडवून, दोन नट काढून कार्ब्युरेटर बाहेर घ्यावा. वाटीचे स्क्रू जपानी यंत्रांत फुलीच्या खाचेचे असतात, पण ती फुली आपल्या नेहमीच्या पेचकसाच्या टोकाशी तंतोतंत जुळत नाही. जोर केला की टोक वर सरकते आणि खाच गोल होते. जपानी मापाचा पेचकस मिळतो, तो घ्यावा. न मिळाल्यास टोक नीट बसते ना ते पाहून, वरून दाबून फिरवावे. वाटी निघाली की फ्लोटची आडवी कांडी हलकेच ढकलून फ्लोट आणि सुई काढावी. सुईच्या टोकाला बोटाने चाचपावे. तेथे गोल चरा पडला असेल तर सुई बदलावी, ती घासून नीट करण्याच्या भानगडीत पडू नये. फ्लोट कानाशी धरून हलवावा. आत पेट्रोल खुळखुळले तर तो फुटला आहे.

मंद गतीचा स्क्रू काढण्यापूर्वी एक गोष्ट विसरू नये. तो आधी हलक्या हाताने आत फिरवत न्यावा, टेकेपर्यंत किती फेरे झाले ते मोजावे, आकडा कागदावर लिहावा, आणि मगच बाहेर काढावा. टेकला की थांबावे. आवळला तर त्याचे निमुळते टोक कायमचे बिघडते. काही नव्या यंत्रांत हा स्क्रू टोपी बसवून बंद केलेला असतो. त्याला हात लावू नये.

जेट पितळेचे, म्हणजे मऊ. पेचकसाचे पाते त्याच्या खाचेत पूर्ण रुंदीने बसले पाहिजे. जेटच्या वर जी पितळी नळी असते, तिच्या अंगाला सुईच्या टोकाएवढी आडवी भोके असतात. पुष्कळ लोक जेट साफ करतात आणि ही नळी विसरतात. तीही काढावी.

साफ करण्यासाठी फवाऱ्याच्या डब्यात येणारे कार्ब्युरेटरचे द्रावण वापरावे. रबराचे आणि पडद्याचे भाग त्यापासून दूर ठेवावे, ते फुगतात. डोळ्यांवर चष्मा असावा, कारण एका भोकात मारलेला फवारा कोणत्या भोकातून बाहेर येईल ह्याचा नेम नसतो. माझ्या बाबतीत तो नाकावर आला, एवढे माझे दैव. प्रत्येक वाटेत फवारा मारून तो पलीकडे निघतो ना, ते पाहावे. नंतर त्याच वाटांतून दाबाची हवा सोडावी. सायकलचा पंपही चालतो, थोडा वेळ लागतो इतकेच. थर फारच घट्ट असेल तर जेट रात्रभर द्रावणात बुडवून ठेवावे. अगदीच अडल्यास नायलॉनच्या ब्रशाचा एक केस छिद्रातून ओवावा. तार मात्र नको. शेवटी जेट आभाळाकडे धरून पाहावे. आतले वर्तुळ स्वच्छ, गोल आणि चकचकीत दिसले पाहिजे. आम्ही नवे आणि जुने जेट शेजारी शेजारी धरून पाहिले. जुन्याचे वर्तुळ एका अंगाला लांबले होते. मामा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "भाऊ, आमचे पेट्रोल ह्या वाटेने गेले म्हणायचे."

जुळणी उलट क्रमाने करावी. पॅकिंग नवे घ्यावे. जुन्याला वरून चिकटवणारा मलम लावून काम भागवू नये, त्याचा सुटलेला तुकडा पुन्हा जेटमध्येच जातो. फ्लोट बसवल्यावर कार्ब्युरेटर उलटा धरावा आणि फ्लोटची उंची पुस्तकातल्या मापाशी ताडून पाहावी. अनेक लहान यंत्रांत ह्या स्थितीत फ्लोट वाटीच्या कडेला समांतर दिसतो. तसाच उलटा धरून, पेट्रोल येण्याच्या तोटीला स्वच्छ नळी लावून फुंकर घालावी. हवा अडली पाहिजे. सरळ केल्यावर ती जाऊ लागली पाहिजे. मंद गतीचा स्क्रू लिहून ठेवलेल्या फेऱ्यांवर आणावा. दोन्ही नट आलटून पालटून, थोडे थोडे आवळावे. एकाच बाजूने आवळल्यास बैठक वाकते आणि तेथून हवा शिरते. मग कितीही साफ केलेला कार्ब्युरेटर असला तरी यंत्र उपाशीच.

चाचणी पिंपात घ्यावी. पिंपातले पाणी यंत्राच्या पाणी ओढण्याच्या जाळीच्या पुरते वर असावे. कोरड्यावर यंत्र क्षणभरही फिरवू नये. थंड पाणी खेळवणाऱ्या पंपाचे रबरी चक्र पाण्यावाचून जळून जाते. यंत्र सुरू होताच मागून पाण्याची बारीक धार पडू लागते, ती दिसल्यावरच पुढचे पाहावे. पाच-सात मिनिटे तापू द्यावे. मग मंद गतीचा स्क्रू आत नेत जावा, यंत्र अडखळेपर्यंत. तेथून बाहेर आणावा, पुन्हा जड वाटेपर्यंत. ह्या दोन टोकांच्या मधोमध त्याची जागा. होडीच्या कामाला मी तो त्याहून अगदी थोडा, एखाद अष्टमांश फेरा, पेट्रोलच्या बाजूला ठेवतो. किंचित धुरकटलेले यंत्र घरी परत येते, तापून अडकलेले येत नाही.

रॉकेलवर चालणाऱ्या यंत्रांविषयी दोन शब्द. ती पेट्रोलवर सुरू करून नंतर रॉकेलवर नेतात. बंद करण्यापूर्वी काही मिनिटे ती पुन्हा पेट्रोलवर आणली पाहिजेत, म्हणजे वाटीत पेट्रोल उरते. हा नियम सर्वांना ठाऊक आहे आणि काठ दिसू लागला की पुष्कळांना विसरतो. दुसऱ्या दिवशी पहाटे दोरी ओढून ओढून खांदा भरून येतो तेव्हा तो आठवतो.

राहिला पावसाळ्याचा प्रश्न. मे महिन्याच्या अखेरीस यंत्र होडीवरून उतरवले, की प्रथम ते गोड्या पाण्याच्या पिंपात चालवून आतले मीठ धुऊन काढावे. नंतर टाकीची नळी काढून ते आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवावे, असे काहीजण सांगतात. तेवढ्याने वाटी पुरती रिकामी होत नाही, तळाशी थोडे उरतेच, आणि शेवटच्या क्षणी यंत्र उपाशी धावते ते वेगळेच. त्यापेक्षा यंत्र थंड झाल्यावर वाटीच्या तळाचा स्क्रू उघडून सगळे पेट्रोल काढून घ्यावे. त्याला दोन मिनिटे लागतात आणि कार्ब्युरेटर उतरवावा लागत नाही. टाकीही रिकामी करून, पुसून, झाकण लावून ठेवावी. काढलेल्या पेट्रोलात तेल मिसळलेले असते. ते घरच्या चार-धावी स्कूटरमध्ये ओतू नये. ज्याचे दोन-धावी यंत्र त्या दिवसांत चालू असेल, त्याला द्यावे. मोसमातही महिनाभराहून जुने मिश्रण टाकीत साठवू नये. लागेल तेवढेच कालवावे, आणि तेलाचे प्रमाण यंत्राच्या पुस्तकात असेल तेच घ्यावे. पन्नासास एक असेल तर लिटरला २० मिलिलिटर. अंदाजाने ओतू नये.

मामांनी २०२५ च्या मे महिन्यात हे सगळे स्वतः केले. पेला, धोतर आणि वही घेऊन ते पडवीत बसले होते. स्क्रूच्या फेऱ्यांचा आकडा त्यांनी वहीत लिहिला, आणि शिवाय यंत्राच्या टोपणाच्या आतल्या बाजूस रंगानेही लिहून ठेवला. वही भिजते, म्हणाले. ऑगस्टात पिंपात घातल्यावर यंत्र तिसऱ्या झटक्याला सुरू झाले. तरीही त्या वर्षीच्या पहिल्या फेरीला होडीत वल्ह्यांची जोडी होती आणि नांगराचा दोर आदल्या वर्षीपेक्षा दहा हात लांब होता.